लायमाची शेवटची बस

टोलेडो, ओहायो
६ मे २०१७

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

हे पत्र टपालपेटीपाशीच उघडलं असशील तर आधी घरात जा, खुर्चीत बस आणि मग पुढे वाच. नेल्डा क्रॅमर येतेय. हो, तीच. हॉलिडे कझिन्स या जुन्या गाणाऱ्या चमूतली आता एकटी उरलेली नेल्डा. पंचाहत्तरीची झाली, गेली वीस वर्षं कुणाच्या हाती लागली नव्हती, आणि आता पंधरा जुलैला डेटनला आमच्या मेळाव्यात येऊन एक गाणं म्हणणार आहे. एकच. आमचं मंडळ चालवणाऱ्या लव्हॉन स्टकीबाईंनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी शिडीवर चढून पन्हळ साफ करत होतो. तुझी भावजय कोलेट म्हणते, मी उतरताना तिला दिसलोच नाही, एकदम जमिनीवरच दिसलो.

आता ऐक. आमचं मंडळ 'दुसऱ्या बाजूचं', म्हणजे तबकडीच्या मागच्या बाजूला पडून राहिलेल्या गाण्यांचं. तेव्हा गाजलेलं गाणं मागायचं नाही, हे स्टकीबाईंनी ठणकावून सांगितलंय. गाजलेलं गाणं जो नुसतं गुणगुणेल त्यानं सगळ्यांचे कॉफीचे मग धुवायचे, हा नियमही आहेच. गेल्या वर्षी मीच धुतले. ज्याला जे गाणं हवं त्यानं उभं राहून त्याची वकिली करायची, मग हात वर करून मतं. जिंकेल ते नेल्डा म्हणणार.

मी अर्थातच 'बटर अँड सॉल्ट'च्या बाजूनं. त्यातल्या टाळ्या आठव. टाळी जिथं पडावी असं वाटतं त्याच्या किंचित आधी पडते, आणि आपला पाय आपल्याला न विचारता हलायला लागतो. ड्रमवाला पहिलं कडवं संपेपर्यंत चक्क गप्प बसतो. एवढा धीर आजकाल कुणाला आहे?

आणि तू? तुझं ते नेहमीचं 'लास्ट बस टू लायमा'? ताई, ते रडगाणं नाही, हे मी तुला किती वर्षं सांगतोय. मुलीची लायमा गावाला जाणारी शेवटची बस चुकते, ती बूट हातात घेऊन मक्याच्या शेतांमधून चालत घरी निघते, आणि तिला मजा येते. उड्या मारत जाणारं गाणं आहे ते. तू गुणगुणतेस तेव्हा वाटतं, ही पोरगी घरी पोचेपर्यंत म्हातारी होणार.

या वर्षी कारणं सांगू नकोस, ये. आणि फोन करू नकोस, लिही. फोनवर आपलं भांडण फार लवकर संपतं. ते भांडण सोडून बाकी लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा,
रॉइस


डुलूथ, मिनेसोटा
१४ मे २०१७

चि. रॉइस यास,

अ. आ.

तुझं पत्र टपालपेटीपाशी उभ्यानंच वाचलं आणि शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलं की सगळं ठीक आहे ना. मी त्यांना मिठीच मारली. त्या बिचाऱ्या अजून माझ्याकडे जपून बघतात.

मी येतेय. नुसती येत नाही, उभी राहून बोलणार आहे. दातांच्या दवाखान्यात जन्मभर लोकांना बसा, डॉक्टर येतील एवढंच म्हणत आलेली मी, भरल्या सभागृहात बोलणार. माझं नाव स्टकीबाईंना कळवून टाकलंय, म्हणजे मागे फिरायला नको.

'बटर अँड सॉल्ट' गोड आहे, पण मक्याच्या कणसाला लोणी-मीठ लावण्यापलीकडे त्यात आहे काय? लायमाचं गाणं तसं नाही. त्यात प्रत्येक ओळ संपल्यावर गिटार जरा रेंगाळतं, मागे वळून बघितल्यासारखं. त्या मुलीनं बसथांब्यावर कुणालातरी सोडलंय. ते शब्दांत कुठेच नाही, पण ऐकणाऱ्याला कळतं.

लायमाची तुझी ती सीडी आणू नकोस. तुझ्या घरी एकदा ऐकली आणि मी कान झाकून घेतले. विकायला काढताना कंपनीनं गाणं मुद्दाम जास्त वेगानं पळवलंय, हे माझं मत कायम आहे.

तू तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होतास, म्हणून तुला हे एकदा नीट सांगते. जर्मनीत बाउमहोल्डरच्या लष्करी छावणीत बाबा महिना-महिना सरावाला गेलेले असायचे. आई कशी होती ते तुला फोटोंवरून वाटतं तेवढंच माहीत, पण ती बाबांपेक्षाही जास्त शिपाई होती. हसणं सुद्धा वेळापत्रकात. फक्त भांडी झाली की ती अमेरिकेतून आणलेला रेकॉर्ड प्लेअर इस्त्रीच्या टेबलावर ठेवायची, लायमा लावायची आणि मला जवळ घेऊन नाचायची. अगदी सावकाश. माझं डोकं तिच्या खांद्यावर असायचं. ती तबकडी परत येताना सामानात फुटली, रेडिओवर हे गाणं कधी लागलं नाही, आणि पुढे दोन वर्षांत आई गेली. आईनं मला जवळ घेतलेलं मला एवढंच आठवतं. तेव्हा त्या गाण्याला उड्या मारणारं म्हणू नकोस.

कोलेटला आणि ब्रायनाला आशीर्वाद. लेक पोटुशी आहे तुझी, तिला तुझ्या टाळ्यांचा ताप देऊ नकोस. माया आहेच, ती गाण्यावर अवलंबून नाही.

तुझी ताई,
आर्डिस


टोलेडो
९ जून २०१७

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

मंडळाचं पत्रक मिळालं ना? स्टकीबाईंनी तुझी नि माझी बाजू शेजारी-शेजारी छापली आणि देशभर आग लागली. मला रोज पत्रं येताहेत. नॅशव्हिलचा एक जण लिहितो की लायमाला संथ म्हणणाऱ्याचे कान तपासा. अल्बुकर्कीची एक बाई लिहिते की त्याला जलद म्हणणाऱ्याला काळीज नाही. ऑर्गनचं सात मिनिटांचं गाणं मागणाऱ्या एका गृहस्थांना कुणीच विचारत नाही म्हणून ते दोन्ही बाजूंवर रुसलेत. आयुष्यात एवढी मजा आली नव्हती.

आणि आता घट्ट धर काहीतरी. मला कोडं सुटलंय.

संथवाल्यांची सगळी पत्रं मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली. मग लक्षात आलं, यातले एकूण एक जण सैन्यातल्या बापाची पोरं आहेत. एक विसबाडनला वाढलेला, एक हायडेलबर्गला, ती अल्बुकर्कीची बाई तर आपल्याच बाउमहोल्डरची. सगळे जर्मनीतले. जलदवाल्यांत एकही नाही.

अगं, वीज! अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, जर्मनीतली पन्नास. आपण सगळ्यांनी इथले प्लेअर तिकडे नेले आणि ट्रान्सफॉर्मर लावला. त्यानं व्होल्टेज जुळतं, पण हेलकावे पन्नासच राहतात, आणि प्लेअरची मोटर फिरते हेलकाव्यांवर. म्हणजे सगळ्या छावण्यांमधल्या सगळ्या तबकड्या हळू फिरत होत्या आणि सूर खाली उतरत होता. गाजलेली गाणी आपण परत येऊन इथल्या रेडिओवर ऐकली, म्हणून ती डोक्यात सुधारली. लायमा कुणी लावलंच नाही, म्हणून ते तसंच राहिलं. कंपनीनं काही पळवलेलं नाही, ताईसाहेब. तुमचा प्लेअर लंगडत होता.

जिंकलो. मेळाव्यात हे सांगितलं की सभागृह डोक्यावर घेतील. तुझ्या चेहऱ्याचा फोटो काढायला कुणालातरी बसवून ठेवतो. हरलेल्यांवरही प्रेम करावं, एवढीच विनंती.

तुझा विजयी,
रॉइस


डुलूथ
१६ जून २०१७

श्री. रॉइस यांस,

स. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे. इथल्या वीज कंपनीत काम केलेल्या एका शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं.

स्टकीबाईंना माझं नाव काढायला कळवते आहे. मी येणार नाही. तुम्ही हसून लिहिलंत, आणि हसण्यासारखंच आहे ते. पण मला फार लागलं. जे गाणं मी जन्मभर उराशी धरलं ते कुणी कधी म्हटलेलंच नाही. नेल्डानं ते हसत-खिदळत म्हटलं होतं, आणि आई नि मी एका बिघाडावर नाचत होतो. आता ते आठवायला गेले की मला प्लेअरची मोटरच दिसते, आई दिसत नाही.

ब्रायनाची खुशाली कळवावी.

आर्डिस


टुलसा, ओक्लाहोमा
१ जुलै २०१७

प्रिय ताई,

सा. न.

आधी बातमी. ब्रायनाला मुलगी झाली, आम्ही लगेच इथं तिच्याकडे धावलो. ऑगस्टात यायची ती आत्ताच आली. वजनानं चिमणी आहे, पण ओरडते चांगली. महिनाभर तरी आम्ही इथून हलत नाही, म्हणजे मेळावा मला चुकला.

आता दुसरं. 'श्री. रॉइस यांस' वाचलं आणि पत्र तसंच कोलेटच्या हातात दिलं. कोलेटनं तुझं पत्र वाचून मला असं फैलावर घेतलं की दवाखान्यातली नर्स मध्ये पडली. कोलेट म्हणाली, बहिणीकडे आईची एकच आठवण होती आणि तू तिचे स्क्रू काढून दाखवलेस. खरं आहे. मी कोड्याच्या नादात होतो, तुझा विचारच केला नाही. माफ कर.

मग मी जावयाला गळ घातली. त्यानं संगणकावर लायमा पन्नास हेलकाव्यांवर आणून दिलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून कानाला लावून ऐकलं. ताई, आईचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो, हलताना कधी आठवलाच नाही. पण ते सुरू झालं आणि मला पाय दिसले. मी इस्त्रीच्या टेबलाखाली पडलो होतो बहुतेक. समोर चार पाय, दोन तुझे, दोन आईचे. तिचे राखाडी मोजे, एका अंगठ्यापाशी रफू केलेलं. ते पाय सावकाश फिरत होते, आणि मधूनच आई टाचा उचलत होती.

माझ्याजवळ आईचं असं काहीच नव्हतं. तुझ्या त्या लंगड्या गाण्यानं मला ते दिलं. जलद गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय, त्यात पाय कधी दिसले नाहीत. तेव्हा आई नाचली होती, आणि तशीच नाचली होती. मोटर दिसायला लागली तर मला विचार, मी तिथं होतो.

तू जा. स्टकीबाईंनी तुझं नाव काढलेलं नाही, मी पाया पडलो त्यांच्या. जायला निमित्त हवं असेल तर 'बटर अँड सॉल्ट'चं माझं भाषण वाचायलाही कुणीतरी हवंच आहे. ते सोबत जोडलंय. रागाच्या तळाशी थोडी माया उरली असेल तर तेवढी पाठव.

तुझा,
रॉइस


डेटन
१६ जुलै २०१७

चि. रॉइस यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्या चिमणीला त्याहून जास्त.

राग टुलसाचं पत्र वाचतानाच गेला होता. ते मोजे मी विसरले होते. रफू मीच केलं होतं, वाईट केलं होतं. मग गाडी काढली आणि दोन दिवस चालवत आले.

तुझं 'बटर अँड सॉल्ट' आधी वाचलं. टाळीच्या वाक्यापाशी मला स्वतःलाच ताल धरावासा वाटला, काय करणार. मग माझी पाळी. मी सरळ खरं तेच सांगितलं. वीज सांगितली, छावणी सांगितली, आई सांगितली, तुला दिसलेले चार पाय सांगितले. मी म्हटलं की नेल्डाबाईंनी हे गाणं असं कधी म्हटलेलं नाही हे मला कळलंय, तरी मला तेच हवंय. लोक हसले, पण चांगले हसले. मागच्या रांगेत काही पांढरी डोकी उभीच राहिली. अल्बुकर्कीची बाई तर रडत होती, आणि नॅशव्हिलचा तो कान तपासणारा तिला रुमाल शोधून देत होता.

मतं झाली आणि तुझं गाणं जिंकलं. फुगू नकोस. माझं दुसरं आलं, ऑर्गनवाले गृहस्थ पुन्हा रुसले.

नेल्डा खुर्चीवर बसून गाते आता. बारीक झालीय, कानात मोठाले निळे डूल. गिटारवर तिचा भाचा. 'बटर अँड सॉल्ट' सुरू झालं, सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं, सगळे आनंदानं वेडे झाले, आणि दुसऱ्या कडव्याला तिचा श्वास पुरेना. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. टाळ्या आपोआप थांबल्या. कुणी कुणाकडे बघेना. ती पाणी प्यायली, आणि मग तिनं विचारलं की ती विजेची गोष्ट सांगणारी बाई कुठे बसलीय.

मी पुढे गेले, कशी ते आठवत नाही. तिनं विचारलं, किती हळू. मी पायानं ताल दाखवला. तिनं भाच्याला सूर खाली घ्यायला लावला, लायमाची एक ओळ हळूच म्हणून पाहिली, आणि म्हणाली की या वेगानं तिला अजून चालवेल.

आणि म्हटलं तिनं, रॉइस. सगळं. गिटार ओळीच्या शेवटी जिथं रेंगाळायचं तिथंच रेंगाळलं. गाण्यातल्या मुलीनं बसथांब्याकडे मागे वळून बघितलं. तिचा आवाज आता उतरलाय, आणि उतरून बरोबर तिथं आलाय. मला मोटर दिसली नाही. आई दिसली, मोज्यांसकट.

संपल्यावर तिनं माझा हात सोडला नाही. म्हणाली, हे मी असं जन्मात म्हटलं नाही, आणि मी गाताना तुमचे ओठ माझ्या आधी हलत होते, कुठे थांबायचं ते माझ्याआधी तुम्हाला कळत होतं. तुम्हाला हे शिकवलं कुणी?

मी सांगितलं, माझ्या आईनं.

लोभ वाढतच राहो.

तुझी ताई,
आर्डिस