आईच्या वाकळेची टीप

औंध, ४ जानेवारी २०२४
चि. लीलास, दादाचे अनेक आशीर्वाद.
आईची तब्येत ठीक आहे, पण अर्धांगाच्या झटक्यानंतर उजव्या हाताला पकड आली नाही ती नाहीच. तीन महिने तिची वाकळ अर्धी पडून आहे. मी मशीनवर सरळ टिपा मारून देतो म्हटलं, तर म्हणाली, तुज्या टिपांची वाकळ तूच पांघर. दुपारभर भिंतीकडं बघत बसते. तू शिवणकाम करतेस, काही सुचलं तर कळव. फोनवर तिला ऐकू येत नाही. पत्र मात्र दोनदोनदा वाचायला लावते.
आमची आठवण ठेव.
लालासाहेब

कुपवाड, ११ जानेवारी
ती. दादास, लीलाचा शि. सा. न.
एसटीनं पार्सल पाठवलंय. त्यातली पत्र्याची पट्टी मशीनच्या दातांवर बसव. मग मशीन कापड ओढत नाही, हात नेईल तिकडं टीप जाते. सुईजवळचा कापड दाबणारा फूट काढून हा स्प्रिंगचा फूट लाव. रबरी ठिपक्यांचे हातमोजे आईला घाल. कापड धरायचं नाही, तळवे टेकवून सरकवायचं. पायडल तू मार, हळू. वहिनी हसली तर हसू दे.
माया पातळ करू नकोस.
लीला

औंध, १९ जानेवारी
चि. लीलास आशीर्वाद.
सांगितलंस तसं केलं. खाली दोऱ्याचा नुसता गुंता. मशीन उघडून तेल दिलं, तरी तेच. आई म्हणाली, यमाईच्या मनात न्हाई, आन् मोजे काढून ठेवले. आता वाकळेला हात लावत नाही. पार्सल परत पाठवू का?
लालासाहेब

कुपवाड, २४ जानेवारी
ती. दादास शि. सा. न.
देवीला मधे घेऊ नकोस. फुटामागची दांडी खाली केली होतीस का? हा फूट कापडापासून जरा वरच राहतो, त्यामुळं दांडी वर राहिलेली कळत नाही आणि वरच्या दोऱ्याला ताण बसत नाही. सगळं मशीन खोललंस, तेवढी दांडी सोडून! आईला एकदा तरी बसव.
लीला

औंध, ३१ जानेवारी
चि. लीलास आशीर्वाद.
दांडी वरच होती. चूक माझी, देवीची नाही, असं आईला सांगितलं. लय बोलली, मग बसली. मी पाय मारले, तिनं सरकवलं. वीतभर वाकडीतिकडी टीप गेली. मी मनातल्या मनात हात जोडले. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, घाण हाय, उसव. मी म्हटलं, छान आहे, राहू दे. तर म्हणाली, मी मेल्यावर छान म्हण, आता उसव.
चार दिवसांत पाचदा उसवलंय. पांढऱ्या दोऱ्याची रिळं पाठव, इथली संपली.
आईसह सर्वांचा जीव तुझ्यात आहे.
लालासाहेब