साखरखांड

प्रिय प्रितम,

आपल्या गावचा परेश सोमवारी तुझ्याच बोटीवर रुजू होतोय, म्हणून हे पत्र त्याच्या बॅगेत घालतोय. फोनवर तुझी आई मला बोलू देते कुठे? आणि मिताली शेजारी असली की मलाच बोलता येत नाही. का ते पुढे कळेल.

वादळाचं तुला समजलंच असेल. टीव्हीवाले म्हणाले, ते समुद्रातून लांबूनच गेलं, पनवेलला धोका नाही. असेल तसं. पण वारा पिसाटला होता आणि त्यात कोजागरीचं उधाण. खाडी बांधाला कशी धडका देते ते तू लहानपणापासून पाहिलंयस. भाताच्या लोंब्या नुकत्या भरत होत्या. एकदा खारं पाणी आत शिरलं की यंदाचं पीक तर जातंच, पुढे जमीनही काही वर्षं हातची जाते.

दुपारी जेवायला बसणार, तोच तुझी आई "खांड गेली, खांड गेली" ओरडत अंगणातून आत आली. मी काठी शोधतोय, आणि तुझी बायको धावत गेली ती साखरेचा डबा घेऊन आली. तिच्या गुजराती माहेरी, शहरातल्या फ्लॅटमध्ये, खांड म्हणजे साखर. बांधाला भगदाड पडलं की आपण खांड गेली म्हणतो, हे या पोरीला दोन वर्षांत आपण कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारची कादंबरी दारात उभी होती. ती म्हणाली, "वयनी, साखर नको गो, घमेला आन."

डबा उंबऱ्यावरच राहिला. मी नको नको म्हणेपर्यंत मिताली घमेलं घेऊन दिसेनाशी झाली. गुडघा ओढत मी बांधावर पोचलो तेव्हा अख्खं गाव तिथे होतं. बायका रांगेने चिखलाची ढेकळं पुढे देत होत्या, आणि खांडीच्या तोंडाशी, कमरेएवढ्या पाण्यात, आपली मिताली. उंच आहे ना, म्हणून तिलाच पुढे घातली होती. मातीची पोती घेत होती आणि पायाने दाबून बसवत होती. कमलाकरने विचारलं, "भगवान, तुजी सून हाय काय ही?" मी म्हणालो, "हाय." ओहोटी लागेपर्यंत ती तिथून हलली नाही. कोपऱ्यातला थोडा भात गेला, बाकी सगळं वाचलं.

जिथे खांड जाते त्या जागेला गावात नाव पडतं, हे तुला माहीत आहे. बाळूची खांड, म्हशीची खांड. ही नवी आता साखरखांड. पहिले दोन दिवस मिताली लाजून घराबाहेर पडली नाही. आता स्वतःच सांगते, साखरखांडीपाशी भाजी लावू या म्हणून. चिखलात भाजी कसली लावतेस, असं तुझ्या आईने विचारलं नाही. मीही नाही.

आता मुद्द्याचं. मितालीला गाव जमणार नाही, म्हणून दिवाळीत आलास की पनवेलला फ्लॅट बघायचा, असं तू तिला सांगितलंयस. ती बघू म्हणाली, आणि तू ते हो धरून चालला आहेस. तू तिच्यासाठीच करतोयस हे तिला कळतं, म्हणून तिच्या तोंडून 'नाही' निघत नाही. परवा गावकीत उधाणाला बांध राखायच्या पाळ्या ठरल्या. माझा गुडघा गेल्यापासून आपली पाळी कमलाकरच करतो. आपल्या घराचं नाव पुकारलं तशी मी सवयीने मान खाली घातली. तेवढ्यात मागून, बायकांमधून आवाज आला, "हाय." 'आहे' नाही म्हणाली, प्रितम. 'हाय' म्हणाली. फ्लॅटचं काय ते तुम्ही दोघं ठरवा, पण आधी तिला नीट विचार. पाळीतलं तिचं नाव मी काही काढायला सांगणार नाही.

तुझाच, आणि आता तिचाही,
बाबा