परग्रहावरचा दुसरा कप

बरकतपुरा, हैदराबाद

चि. सौ. मीनास,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे आता कसे आहेत? भगवंतराव पथ्य पाळतात का? माझी प्रकृती उत्तम आहे (खोकला धरला नाही तर).

तुझी वहिनी गेल्यापासून दिवस सरेना, म्हणून मी कादंबरी लिहायला घेतली. परग्रहावर यान कोसळतं, एकच माणूस वाचतो आणि तिथे कसातरी जगत राहतो, एवढीच गोष्ट. (जन्म वीज खात्यात गेला. यान कसं कोसळतं ते मला ठाऊक नाही, पण वीज गेल्यावर माणसाचं काय होतं ते चांगलं ठाऊक आहे.) बंदिस्त तळावर कसं वाटत असेल ते कळावं म्हणून एक दिवस दारं-खिडक्या लावल्या, फटींत टॉवेल कोंबले, फोन बंद केला. वरच्या मजल्यावरचा यादगिरी बेल वाजवून दमला. नायकाने दार उघडलं नसतं, म्हणून मीही उघडलं नाही. शेवटी त्याने कडी तोडली. आत मी, डोक्यावर शिरस्त्राण म्हणून पातेलं. मला वाटलं तो हसतोय, पण त्याचे डोळे भरले होते. "अंकल, ऐसा नक्को करो," एवढंच म्हणाला आणि नवी कडी बसवून गेला.

मग मराठी मंडळात वाचन झालं. आठ-दहा श्रोते, त्यात दोघे झोपलेले. पुण्याहून इथे नोकरीला आलेली मृण्मयी मात्र जागी होती. तिने विचारलं, "काका, ग्रहावर तो एकटाच आहे ना? मग रोज दोन कप चहा का करतो?"

पानं उलटून पाहिली. खरंच, प्रत्येक प्रकरणात दोन कप. लिहिताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. लेखनिकाची चूक, असं सांगून वेळ मारून नेली (लेखनिक मीच). घरी येऊन दुसरा कप खोडायला बसलो. पहिल्या प्रकरणात जमलं, पुढे हात चालेना. राहू दिले तसेच.

भगवंतरावांना नमस्कार.

तुझा दादा,
हिम्मतराव

ता. क. : आमचा हर्षवर्धन तुला टोरांटोहून फोन करील. मला तिकडे न्यायचं त्याच्या डोक्यात आहे. दादा मजेत आहे, लिखाणात गुंग आहे, तू धावत यायची काही गरज नाही, असं त्याला ठासून सांग. त्यासाठीच हे पत्र.

पुन्हा ता. क. : चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितो आहे. वरचं काही सांगू नकोस. दादा नीट जेवत नाही, असं सांग. आणि सुटी मिळाली की ये म्हणावं.