बाबांची उमेदवारी आणि काकवीची खळ

५ ऑक्टोबर १८८६
प्रामाणिक माणूस निवडणुकीला का उभा राहत नाही? डिव्हेनांच्या घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर देता येत नाही, हे इथे कबूल करते. उपाय मात्र सापडला आहे. सहाव्या वॉर्डातून नगरसेवकपदासाठी बाबांनाच उभं करायचं. विरोधात स्कलींचा भाचा. स्कली म्हणजे वॉर्डाचे बॉस. कोपऱ्यावरचा गुत्ता त्यांचा आणि नगरपालिकेतल्या नोकऱ्याही त्यांच्याच खिशात. भाचा दिवसभर त्या गुत्त्यात झोपलेला असतो. सामना सोपा आहे.

६ ऑक्टोबर
आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, अगं बाई, तुझ्या बापाला पंपघरात बॉयलरवर कुणी लावलं? स्कलींनीच ना? मी म्हटलं, नोकरी गुणवत्तेवर मिळायला हवी, मेहरबानीवर नाही. ती म्हणाली, मग आधी गुणवत्तेवर ही चूल पेटवून दाखव. आईला राजकारण कळत नाही. चूल पेटली नाही, लाकडं ओली होती.

८ ऑक्टोबर
बाबा तयार झाले! म्हणजे मी तासभर बोलले आणि ते शेवटी म्हणाले, नोरा, तू शिकलेली आहेस, तू म्हणतेस तर असेल तसं. पुढे विचारलं, हरलो तर बॉयलर राहील ना माझ्याकडे? मी सांगितलं, कायदा तुमच्या पाठीशी आहे. कोणता कायदा ते उद्या शोधायचं.

१५ ऑक्टोबर
कायदा मिळाला नाही. वेळही नाही. उद्या सभा.

१६ ऑक्टोबर
सभा चर्चच्या तळघरात. बाबांचं भाषण मीच लिहून दिलं होतं. ते त्यांनी खिशातच ठेवलं. टोपी हातात घेऊन म्हणाले, स्कली चांगला माणूस आहे, थंडीत अर्ध्या गल्लीला कोळसा टाकतो, पण पोरीने सांगितलंय म्हणून मी उभा आहे. टाळ्या इतक्या पडल्या! प्रामाणिकपणाचा जनमानसावर असा खोल परिणाम होतो. शेजारचा गाडीवान गहान बाबांना म्हणाला, मॅलॅकी, तुझ्या बायकोने सांगितलं असतं तर तू आणखी कशाकशाला उभा राहिला असतास रे? सगळे हसले. उत्साहाचं वातावरण.

२४ ऑक्टोबर
एक अडचण. इथे अमेरिकेत मतपत्रिका पक्षच छापतो. त्याला तिकीट म्हणतात. पक्षाचा माणूस दारात ती वाटतो आणि मतदार सगळ्यांच्या देखत पेटीत टाकतो. बाबांना पक्ष नाही, म्हणून तिकीट नाही. पण स्कलींच्या तिकिटावर भाच्याच्या नावावर दुसऱ्या नावाची चिठ्ठी चिकटवली तर मत दुसऱ्याला जातं. हे कायदेशीर आहे, जुनी रीत आहे. चिठ्ठ्या मी घरीच करणार. मला स्वतःला मत नाही, बाईला ते नसतंच. त्यामुळे माझी दृष्टी अगदी निःपक्षपाती आहे.

२८ ऑक्टोबर
स्कलींच्या माणसाकडे तिकिटं मागितली. त्याने गठ्ठाच दिला, वर सुतळीने बांधून दिला. म्हणाला, घे पोरी, अजून लागली तर ये. शत्रू गाफील आहे.

१ नोव्हेंबर
दिवसभर चिकटवलं. आईच्या पिठाच्या खळीवर माझा विश्वास नाही, ती सुकली की सुटते. मी तीत काकवी घातली. रसायनशास्त्रात मला उत्तम शेरा होता. आई बघून म्हणाली, हे तिकीट आहे का पोळी? गहान घरोघर वाटून आला. सगळ्यांनी शब्द दिला आहे. बाबा जिंकणार. बाबा जेवले नाहीत.

२ नोव्हेंबर, सकाळ
मतदान. बायकांना आत सोडत नाहीत, म्हणून समोरच्या फुटपाथवर उभी राहून खिडकीतून बघते आहे. मतदार आपापल्या खिशातून घडी घातलेली तिकिटं काढून पेटीत टाकताहेत. पेटी शेगडीशेजारी ठेवली आहे, ते बरं. सगळे स्कलींच्या गुत्त्यात हॅम खाऊन येतात आणि मला टोपी उचलून नमस्कार करतात. हॅम त्यांचं, मत आमचं!

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
काकवी सुकत नाही. हे पुस्तकात नव्हतं.

उबेने ती पातळ झाली, घड्यांमधून बाहेर आली आणि पेटीतली तिकिटं एकमेकांना चिकटली. दोन तिकिटं एकत्र निघाली तर एकाच माणसाने दोन मतं टाकली असं धरतात आणि दोन्ही बाद करतात. मोजणारा माणूस ढेकळं काढत होता, बोटं चाटत होता आणि बाजूला टाकत होता. बाबांची सगळी मतं बाद. भाचा निवडून आला. त्याला उठवून सांगावं लागलं.

घरी बाबांना विचारलं, तुमचं तरी नीट पडलं ना? ते बराच वेळ बूट सोडत राहिले. मग म्हणाले, दारात स्कली स्वतः उभा होता गं. त्याने त्याचं तिकीट हातात दिलं. एवढ्या ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणू?

तरीही हा नैतिक विजय आहे.

८ नोव्हेंबर
पंपघरातून निरोप आला, बाबांनी यायचं नाही. बॉयलरवर नवा माणूस. मी जलमंडळाच्या साहेबांना भेटले, गुणवत्तेबद्दल बोलले. ते अत्यंत लक्षपूर्वक ऐकत होते. शेवटी म्हणाले, छान बोलता. स्कलींना भेटलात का?

१५ नोव्हेंबर
बाबा रोज पहाटे उठून डबा मागतात, मग आठवतं आणि परत बसतात. गहान म्हणाला, मॅलॅकी, ये माझ्या गाडीवर, घोड्याला सोबत होईल. बाबा हसले नाहीत. नेहमी हसतात.

मी शिकवणीचं काम शोधते आहे. शाळेतल्या जागाही स्कलींकडेच विचाराव्या लागतात, असं कळलं.

२० नोव्हेंबर
दुपारी आई भडकली. म्हणाली, जा, स्कलीच्या पाया पड, तुझ्या जिभेने बापाला खड्ड्यात घातलंस, तुझ्याच जिभेने बाहेर काढ. मी शांतपणे सांगितलं की प्रश्न एका नोकरीचा नाही, तत्त्वाचा आहे. मेहरबानी मागितली तर सहावा वॉर्ड पन्नास वर्षं मागे जाईल. आई म्हणाली, जाऊ दे की, आपण आहोतच तिथे. मी म्हटलं, मला विचार करायला वेळ हवा.

खरं म्हणजे मी सकाळीच जाऊन आले होते. गुत्त्याच्या बाजूच्या दाराने. मी गुणवत्तेपासून सुरुवात केली. स्कलींनी खुर्ची पुढे केली, ऐकून घेतलं आणि म्हणाले, पोरी, हे सगळं ठीक आहे, पण तुला हवंय काय ते तोंडाने म्हण. मी म्हटलं, बाबांना परत घ्या. ते म्हणाले, आणि?

मी म्हटलं, मेहरबानी करा.