लाल पट्ट्यांची झाडं

९ फेब्रुवारी

तो आला होता. आमच्या दारात, अडतीस वर्षांनी. चपला बाहेर काढून. लिही सूनबाई, चपला काढून — हे राहता कामा नये.

मी त्याला रंधा म्हणते. जिथून फिरेल तिथलं गुळगुळीत करतो आणि कचरा दुसऱ्याच्या अंगणात. एके काळी आमच्या ह्यांचा भागीदार. दोघं मिळून लाकडाची घरं बांधायचे. आता म्हणतो, "वहिनी, शेवटचं घर बांधतोय, स्वतःसाठी. आढ्याला तीस फुटी सरळ खोड हवंय. तुमच्या कानाशिवाय कुणाच्या कानावर माझा भरवसा नाही."

आढं म्हणजे छपराचा कणा. त्याला स्वतःचा नाही, म्हणून घराला हवा.

चहा दिला. साखर घातली नाही. पिऊन म्हणाला, "छान झालाय." रंधाच तो.

१० फेब्रुवारी

कागदाला मागचं ठाऊक हवं म्हणून सांगते. मला अक्षर येत नाही, झाड येतं. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर तीन ठोके द्यायचे आणि ऐकायचं. निरोगी खोड टणकन बोलतं, भांडखोर बाईसारखं. आतून कुजलेलं ढब्ब करतं — सगळ्याला हो हो म्हणणाऱ्या माणसासारखं. आमचे हे झाड डोळ्यांनी निवडायचे, मी कानांनी. दोघांचं जमलं तरच कुऱ्हाड. एरवी आमचं दोघांचं फारसं जमायचं नाही, पण झाडावर जमायचं.

मग सभागृहाचं काम आलं. लाकूड ओलं होतं. हे म्हणाले, दोन उन्हाळे वाळू दे. रंधा म्हणाला, वाळलंय, आणि ह्यांना न विचारता चढवलं. पहिल्याच हिवाळ्यात तुळया पिळवटल्या आणि छप्पर खाली आलं. सुट्टीचा दिवस होता, आत कुणी नव्हतं. चौकशीला सगळं गाव जमलं. रंधा उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "लाकूड त्यांनीच निवडलं होतं."

चार शब्द. हे गप्प बसले. भांडणाचं खातं आमच्याकडे माझं होतं, आणि त्या दिवशी मी माहेरी होते.

पुन्हा ह्यांनी घर बांधलं नाही. घरामागच्या उतारावर झाडं लावत बसले. चारशे बारा. "कुणासाठी?" म्हटलं तर म्हणायचे, "ज्याला लाकूड वाळेपर्यंत थांबता येईल त्याच्यासाठी." हे जाऊन नऊ वर्षं झाली. झाडं आहेत.

१५ फेब्रुवारी

वनखात्याची पोरगी आली. दरवर्षी येते. मी ठोकते, ती लिहिते. रोगी निघालं की बुंध्याला लाल पट्टा, म्हणजे ते काढायचं. बाकीची वाढू द्यायची. दरवर्षी चार-पाच निघतात.

आज पहिल्या रांगेतच अकरा! ढब्ब, ढब्ब, ढब्ब.

पोरीला विचारलं, एवढं कुठून आलं? म्हणाली, काही बुरश्या मुळांमुळांतून पसरतात, जवळ जुनी बुडखी सडत असली तर तिथूनही. बास. सात वर्षांपूर्वी रंध्यानं वरच्या अंगाचं रान घेतलं होतं. चांगली चांगली झाडं उचलली, वेडीवाकडी ठेवली, बुडखी तशीच सडत टाकली. तिथूनच उतरलं. आधी ह्यांचं नाव कुजवलं, आता झाडं.

पोरगी म्हणाली, "आजी, सुईसारखं बारीक भोक पाडून आतलं बघायचं यंत्र आलंय आमच्याकडे. आणू का?"

मी म्हटलं, "माझ्या झाडांना तू सुया टोचणार? आधी मला टोच."

हल्लीची पोरं बोलतातही तोंडातल्या तोंडात. प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावावं लागतं.

१६ फेब्रुवारी

सुनेचा फोन माझ्या शेजारी वाजून वाजून थकला म्हणे. मी रंध्याच्या विचारात होते. तोही दोष त्याचाच.

२७ फेब्रुवारी

ठोकून झालं. चारशे बारांपैकी एकशे सत्त्याऐंशी. उतार बघवत नाही — सगळ्यांच्या गळ्याला लाल फास.

पोरगी कुरकुरली, "पानं तर हिरवीगार आहेत, आजी."

"माणसंही जायच्या आदल्या दिवशी तुकतुकीत दिसतात."

"पुन्हा एकदा ठोकून बघायचं का?"

"पन्नास वर्षांत मी एकही झाड दोनदा ठोकलेलं नाही."

पाखरंसुद्धा गेली आहेत रान सोडून. पूर्वी सकाळी किलबिलाटानं झोपू द्यायची नाहीत, यंदा एक आवाज नाही. त्यांना आधी कळतं. चोवीस मार्चला करवती येणार.

२ मार्च

ठरलं! आज मी सुखानं जेवले.

पलीकडच्या जुन्या राखीव रानात वर्षाला तीनच झाडं पाडायची परवानगी आहे, तीही मी ठोकून हो म्हटल्यावर. तिथं एक आहे, त्याला आम्ही नवरदेव म्हणायचो. सरळसोट, चाळीस फुटांपर्यंत फांदी नाही. काल एकटी जाऊन ठोकून आले. ढब्ब. नुसता ढोल.

आज रंध्याला घेऊन गेले. तीन झाडं दाखवली. म्हटलं, "तुम्हीच निवडा, तुमचं घर." त्यानं नवरदेवावर हात ठेवला. "हे." पाडायला सगळ्या सुतारांना बोलावणार आहे, गावालाही. बोलाव बाबा. झाड पडेल, बुंधा पोकळ निघेल, सगळे माझ्याकडे बघतील. आणि मी त्याचेच चार शब्द त्याला परत देईन. लाकूड त्यांनीच निवडलं होतं.

सून लिहिता लिहिता थांबली. "आई, मामंजींना हे आवडलं असतं?"

"नसतं. म्हणून तर ते गेल्यावर करतेय."

१९ मार्च

आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं. 'त्यांनीच' वर जोर द्यायचा.

२० मार्च

शंभरेक माणसं होती. रंध्यानं मला खुर्ची आणून दिली. नवरदेव हलला, कलला, पडला. जमीन हादरली ती तळपायाला कळली. मी उठले, पदर सावरला, बुंध्यापाशी गेले.

भरीव. गाभ्यापर्यंत. कुठं डाग नाही, भोक नाही, एवढीशी भेग नाही. थोरले सुतार म्हणाले, "उभ्या जन्मात असं लाकूड पाहिलं नाही. कान असावा तर आजींसारखा."

रंधा हात जोडून उभा. मग बोलला तो सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मला वाटलं होतं, वहिनी मला पोकळ झाड देतील. दिलं असतं तरी मी काय बोलणार होतो? सभागृहाचं लाकूड मी चढवलं होतं. ते नको म्हणत होते." आणि म्हातारा लहान पोरासारखा रडला.

अडतीस वर्षं मी हे ऐकायला थांबले होते. आणि माझ्या तोंडात ते चार शब्द तसेच. गिळताही येईनात, थुंकताही येईनात. लबाड माणूस! सूडसुद्धा धड घेऊ दिला नाही.

बुंध्याची एक चकती कापून दिली त्यानं. सुनेनं डोक्यावरून घरी आणली.

२१ मार्च

ह्यांच्या फोटोसमोर चकती ठेवली. सांगितलं, तुमचं नाव धुऊन निघालं. मी कसं धुतलं ते विचारू नका.

पण नवरदेव ढब्ब बोलला होता. मी ऐकलं होतं.

२२ मार्च

चकती उचलून कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकली. डोळ्यांसमोर भरीव लाकूड, आणि ढब्ब.

हवा दमट आहे. सून म्हणते, कोरडी आहे. तिला काय कळतंय.

वनखात्याच्या पोरीला निरोप द्यावा का? काय द्यायचा? पन्नास वर्षं ठोकतेय मी.

२४ मार्च

उजाडल्यापासून ओट्यावर बसलेय, मागच्या उताराकडे कान लावून. शेवटी सुनेला विचारलं, अगं, करवती कधी सुरू व्हायच्या?

म्हणाली, "आई, सातपासून चालू आहेत. माझ्या कानठळ्या बसल्यात."

लिहीत काय बसलीस, पळ. त्यांना थांबव. सांग, रोग झाडांना नाही.