सासूबाईंच्या घमेल्याची डागडुजी

ग्वेसान, सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप दोक-सू दादांस,

धाकट्या चुलतभावाचा, ग्वांग-सिकचा, नमस्कार. (नमस्कार कंबरेतूनच गोड मानून घ्यावा. मान सध्या वाकत नाही. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? तुमच्या गोजे बेटावर नोव्हेंबरात वारा फार सुटतो म्हणतात. जहाजाच्या पोटात आडवं पडून वेल्डिंग करणाऱ्या माणसानं या वयात कानटोपी घालावी, असं मला आपलं वाटतं. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे मी सोडून, आणि मी म्हणजे तरी काय, मान, उजवा डोळा आणि अब्रू. बाकीचा मी उत्तम आहे.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मी वाक्य पुरं करायच्या आधीच हसता. पत्रात तुम्ही हसलात तरी मला ऐकू येत नाही. शिवाय एकतीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या माणसानं स्वतः पत्र लिहायचं नाही तर कुणी? आज टाकतोय, बुधवारी मिळेल.

तर झालं असं. निवृत्तीनंतर छंगजूचा फ्लॅट सोडून आम्ही इथे सासूबाईंच्या गावी राहायला आलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सासूबाई एक्याऐंशीच्या. येत्या शनिवारी किमजांग, एकशे वीस कोबी. हिवाळाभराची किमची एका दिवसात घालायची म्हणजे घराचं रणांगण होतं, आणि त्या रणांगणावर गेली एकोणतीस वर्षं माझी नेमणूक ठरलेली आहे: कोबी नळापासून ओसरीपर्यंत वाहायचे, मग वाटेतून बाजूला व्हायचं, मग सगळ्यांबरोबर उकडलेलं डुकराचं मांस खायचं. जावई म्हणजे शंभर वर्षांचा पाहुणा, असं आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. सासूबाई ते मोजून म्हणतात. एकोणतीस झाली, एकाहत्तर राहिली.

गेल्या महिन्यात त्यांनी माळ्यावरून स्टीलचं मोठं घमेलं काढलं. वासराला आंघोळ घालता येईल एवढं. आमची ही, मी-सुक, जन्मली त्या वर्षी सासऱ्यांनी ते बाजारातून पाठीवर बांधून आणलं होतं, आणि तेव्हापासून या घरातला प्रत्येक कोबी त्यातच तिखट-मीठ लावून घेतो. सासूबाईंनी ते उजेडाकडे धरलं. बुडाशी, कडेला, तिळाएवढं भोक. आणि दादा, मला कुणी विचारलं नव्हतं, कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं, तरी मी सगळ्यांसमोर म्हणालो, “आई, मी जोडून देतो.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी-सुकनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हृदयाचं ऑपरेशन करतो म्हणालोय. पण सासूबाई नुसतं “बरं” म्हणाल्या आणि त्यांनी ते घमेलं माझ्या हातात दिलं. एकोणतीस वर्षांत त्या बाईनं कोबीखेरीज काही माझ्या हातात दिलं नव्हतं. (एकदा नातवाला दिलं होतं, तेही खाली गादी घालून.) खरं सांगतो, छाती भरून आली. ते घमेलं शनिवारच्या आत ठणठणीत करून त्यांच्यापुढे ठेवायचं, एवढं एकच मनात आहे.

स्टील पातळ, तेव्हा वितळत्या पत्र्याला हवा लागू न देणाऱ्या आर्गन गॅसचंच वेल्डिंग हवं, हे यूट्यूबवरच्या माणसानं सांगितलं. तो माणूस बोलता बोलता असं जोडतो की बघताना वाटतं, हे तर आपल्यालाही येत असणार, फक्त कधी करून पाहिलं नाही. मशीन आणलं, आर्गनची टाकी आणली, मिरच्या वाळवायच्या खोलीत मांडामांड केली. आणि मग कळलं की उजव्या हातात वेल्डिंगची टॉर्च, डाव्या हातात भरायची तार, पाय पेडलवर, तोंडावर मुखवटा, आणि टॉर्चच्या टोकाची टंगस्टनची सळई पत्र्याच्या अगदी जवळ न्यायची पण टेकवायची नाही. हे म्हणजे शिवणयंत्र चालवायचं, पण सुई कापडाला लागली तर कापड आणि सुई दोन्ही बाद. सळई टेकली की टोक खराब, टोक खराब की पुन्हा घासून अणकुचीदार करा. पहिल्या दिवशी मी वेल्डिंग अर्धा तास केलं आणि घासकाम दिवसभर. तुमच्या लग्नात मी तुमच्या धंद्याला “लोखंडाला टाके घालायचं काम” म्हणालो होतो, ते शब्द मी आज परत घेतो.

(आणि हो, पहिल्या दिवशी टाकीचा व्हॉल्व उघडायचाच राहिला होता. काळा फ्लॉवर उगवला होता पत्र्यावर. कुणाला सांगू नका.)

दुसऱ्या दिवशी टाकी उघडली, पण खोलीचं दारही उघडं ठेवलं. का, तर अंगणात मिरच्या निवडत बसलेल्या सासूबाईंना आपला जावई ठिणग्यांच्या उजेडात दिसावा म्हणून. (ठिणग्या यात उडतच नाहीत, हेही तेव्हाच कळलं.) डोंगरावरचा वारा आत आला आणि सगळा गॅस उडवून घेऊन गेला. मी वाऱ्याला दोष दिला. मी-सुक बाहेरून म्हणाली, “नाचता येईना, अंगण वाकडं.” अशा वातावरणात कला वाढत नाही, दादा.

सरावाला पातळ स्टील हवं, म्हणून स्वयंपाकघरातल्या भाताच्या झाकणवाल्या वाट्या घेतल्या. घरात अठरा आहेत, आम्ही माणसं तीन. चौथ्या वाटीला झाकण असं बेमालूम बसलं की पाण्याचा थेंब आत जाईना. माझं पहिलं यशस्वी जोडकाम! रात्री जेवताना मी-सुकनं नेमकी तीच वाटी माझ्यापुढे ठेवली. “उघड आणि जेव,” म्हणाली. सासूबाईंनी मान खाली घालून सूप प्यायलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

मानेचं असं झालं की गळ्याचं बटण उघडं राहिलं. त्या उजेडानं उन्हाळ्यात न भाजावं एवढं तासाभरात भाजतं, हे यूट्यूबवाल्यानं शेवटी सांगितलं होतं आणि शेवट मी कधीच बघत नाही. मी-सुकनं तिच्या चेहऱ्यावर लावायच्या ओल्या कागदी पट्ट्या माझ्या गळ्याभोवती गुंडाळल्या. मान आता लाल आहे, पण कातडी विशीतल्या मुलीसारखी तुकतुकीत झालीय म्हणते. उजव्या डोळ्याचं म्हणाल, तर मुखवटा किंचित उचलून बघितलं, नीट लागतंय का म्हणून. नीट लागलं. सासूबाईंनी कच्चा बटाटा किसून माझ्या दोन्ही डोळ्यांवर थापला आणि म्हणाल्या, “पडून राहा. डोळे मिटूनही तू तेवढंच काम करशील.”

शेवटी परवा घमेल्याला हात घातला. आता हे तुम्हालाही माहीत नसेल. तुम्ही जहाजं जोडता. जहाजात पन्नासहून जास्त वर्षं मासळीचं खारवण आणि लाल तिखट मुरलेलं नसतं. भोकाच्या कडांमध्ये ते सगळं दडून बसलेलं. मी आधी घासायला हवं होतं. मी पेडल दाबलं, पत्रा तापला, आणि खोलीत असा वास सुटला की गावातली सगळी मांजरं दारात येऊन रांगेत बसली. आतलं खारवण फुटाण्यासारखं उडालं, टंगस्टनवर बसलं, आणि भोक तिळाएवढं होतं ते वाटाण्याएवढं झालं. ते बुजवायला गेलो तर शेजारचा पत्रा वितळला. ते बुजवायला गेलो तर त्याच्या शेजारचा. सध्या एकूण सात आहेत.

पण एकंदरीत प्रगती समाधानकारक आहे. पहिल्या भोकाची डावी कड तर इतकी सुरेख जमलीय की तुम्ही बघाल तर बघत राहाल. शनिवारपर्यंत काम फत्ते होईल यात मला शंका नाही. तुम्हाला तसदी देण्याचा प्रश्नच येत नाही. वहिनींना माझा नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक.

तुमचा,
ग्वांग-सिक

ता. क. दादा, शुक्रवारी काही काम आहे का? नसेल तर तुमचं मशीन गाडीत टाकून या. दुपारी दोन ते तीन सासूबाई झोपतात. मागच्या दारानं या, सात भोकं बुजवा, मग पुढच्या दारानं सुकी मासळी द्यायला आल्यासारखे या. मी ‘अरे वा, अचानक कसे’ असं म्हणेन. तुमच्या पाया पडतो. (कंबरेतून.)

ता. क. २. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात सासूबाई मिरचीच्या खोलीत आल्या. उलट्या क्रेटवर बसल्या, घमेलं उजेडाकडे धरलं, मोजलं. “सात?” म्हणाल्या. मी म्हणालो, “सात.” मग त्यांनी शांतपणे सांगितलं की ते एक भोक आठ वर्षांपासून आहे. दर वर्षी त्या तांदळाचं पीठ मळून त्याला बूच मारतात आणि दिवस निघून जातो. मला दिलं ते एवढ्यासाठी, की दर किमजांगला मी नळ आणि ओसरीच्या मध्ये उभा राहून सगळ्यांच्या पायात येतो. यंदा महिनाभर कुठेतरी गुंतून राहीन, असा हिशेब होता. शनिवारसाठी शेजारणीचं घमेलं केव्हाच मागून आणलंय. दादा, खोटं कशाला बोलू, फार लागलं. साठीचा माणूस मी, उगाच टंगस्टनचं टोक घासत बसलो.

मी म्हणालो, “मग राहू दे, आई. दोक-सू दादा शुक्रवारी येऊन पाच मिनिटांत करून देतील.” त्या उठायच्या ऐवजी तिथेच बसून राहिल्या. म्हणाल्या, “तो पाच मिनिटांत करेल आणि गोजेला निघून जाईल. मी काय, आज आहे, उद्या नाही. मी-सुकला बूच मारता येत नाही. आठवं भोक पडेल तेव्हा या घरात कोण असणार आहे? तूच ना?” आणि मिरच्यांची टोपली उचलून गेल्या. ‘या घरात’ म्हणाल्या, दादा. मी दोनदा मनात म्हणून पाहिलं.

तेव्हा शुक्रवारी या, पण मशीन आणू नका. आणि चांगले पुढच्या दारानं या. माझ्यामागे स्टुलावर बसा, पोटभर शिव्या द्या, जरूर तर डोक्यात टपली मारा. घमेल्याला मात्र हात लावू नका.