पायांचा रस्सा

मंगरूळपीर, रविवार, १२ जानेवारी, संध्याकाळ

पायाचा अंगठा आज कमी ठणकतो. मन मात्र बधिर. राग नाही, रडू नाही, काहीच नाही.

मला गाऊट झाल्यापासून शांता दर रविवारी बकऱ्याच्या पायांचा रस्सा करते. पायाचं दुखणं पायांनीच जाते, हे तिच्या मायचं सांगणं. मीही त्यातले तुकडे पोरांना द्यायचो आणि नुसता रस्सा प्यायचो. वाटायचं, केवढं पथ्य पाळतो मी!

काल डॉक्टर म्हणाले, "काका, युरिक अ‍ॅसिड वाढवणारं जे टाळायचं, तेच तर रस्स्यात उतरते. पाय, कलेजी बंद. कोंबडीचे दोन तुकडे कधीमधी खा, पण उकडून, पाणी फेकून."

म्हणजे आगीत तेल आम्हीच ओतत होतो. पण हे तिला सांगायचं कसं? आज सकाळपासून ती पातेल्यापाशीच होती. रस्सा रटरटत होता.

जेवायच्या वेळी ती वाढायला लागली, तेव्हा सांगावंच लागलं. तिचा डाव हातातच राहिला.

"म्हंजे मीच तुमाले दुखवून राह्यली होती?"

"तुले काय मालूम होतं वं? मले तरी कुठं होतं?"

"मंग माय काहून सांगे?"

"तिचा आपल्यावर जीव होता म्हणून सांगे."

तिनं पातेलं पोरांकडे सरकवलं आणि माझ्यासोबत वरण-भाकर खाल्ली.

आत्ता ती माझ्या पोटऱ्यांना तेल लावायला बसली. हात अंगठ्यापर्यंत आणला आणि थांबली.

"लावू का?" म्हणाली.

एवढ्या वर्षांत तिनं असं कधी विचारलं नव्हतं.